तुकोबांच्या पुलावरून : टिळक, रमाबाई आणि ख्रिस्ती लोकांची देवभक्ती



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघतेय आणि तिच्यात मी लिहावं, असं समितीच्या मंडळींनी सांगितलं. माझं शिक्षण चौथी. कीर्तनाला उभा राहिलो की दोन तास बोलायला मला काही वाटत नाही, पण कागद पुढं आला की हात जड होतो. तेव्हा शुद्धलेखनाचं संपादक बघतील. मला जो विषय दिला होता तो ‘दिंडीची मुंबईतली शाखा’ असा होता. त्या विषयाचा एक धागा ओढता ओढता मी भलतीकडंच गेलो. पण भलतीकडं म्हणजे कुठं, ते वाचल्यावर तुम्हीच ठरवा.

आपली दिंडी गावात उभी राहिली तरी तिला पैसा पुरवला मुंबईनं, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. गावातली निम्मी तरणी पोरं परळ-लालबागच्या गिरण्यांत. पगारातून चार-आठ आणे बाजूला काढून विणा, टाळ, तंबूचं कापड, बैलांची झूल असं सगळं मुंबईहून आलेलं. आषाढीला रजा मिळाली तर लोणंदला नाहीतर तरडगावला दिंडीत येऊन मिळायचं, आणि नाही मिळाली तर वडाळ्याच्या विठ्ठलाला जायचं. वडाळ्याच्या देवळाला गिरणगावातले लोक प्रतिपंढरपूर म्हणतात ते याच्यामुळंच. ज्याला पंढरी घडली नाही त्याची पंढरी तिथं.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, परळच्या एका गिरणीत साचे चालवायला होते. विणा त्यांच्या गळ्यात असायचा. राहायला अँटॉप हिलला. तेव्हा तिथं आजच्यासारखे टॉवर नव्हते. एका अंगाला सरकारी नोकरांच्या वसाहती, पलीकडं वडाळ्याची मिठागरं, आणि टेकडीच्या पोटाला पत्र्याच्या झोपड्यांची रांग. 1978 साली मी अठरा वर्षांचा असताना तात्यांकडं गेलो आणि बदली कामगार म्हणून लागलो. दर एकादशीला आमच्या गल्लीत जागर व्हायचा. आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारं जोडपं राहायचं, नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती. बाबा गोदीत हमाली करून निवृत्त झालेले. बाईंना मी मावशी म्हणायचो. रविवारी संध्याकाळी त्यांच्या दारात पाच-सात माणसं जमायची आणि ढोलकी, टाळ, एकतारी घेऊन भजन करायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आपलंच भजन चाललंय. अभंगाची चाल, अभंगाचीच ठेवण, आर्तता तीच. कान देऊन ऐकलं तेव्हा नाव येशूचं निघालं. मी बाबांना विचारलं, हे कुणाचं? ते म्हणाले, “टिळकांचं.” मला लोकमान्य वाटले. ते हसले आणि म्हणाले, “ते वेगळे, हे आमचे नारायण वामन.”

हे नारायण वामन टिळक कोण, ते आधी सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, तिथं 6 डिसेंबर 1861 ला त्यांचा जन्म. चित्पावन ब्राह्मणाचं घर, आई भाविक, आणि पोराला लहानपणापासून कवितेचा नाद. संस्कृत शिकले. 1880 साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनू त्यांना दिली, त्याच पुढं लक्ष्मीबाई टिळक. एका जागी नोकरी टिकायची नाही. आज इथं, उद्या तिथं. देव हवा होता, पण सोवळ्याओवळ्यातला आणि जातीच्या उतरंडीतला देव मनाला पटेना. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाशी बोलणं झालं. त्यानं जाताना ख्रिस्ती लोकांचा नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळक काही भाळून गेले नाहीत. पण वचन दिलं होतं म्हणून वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. शत्रूवर प्रेम करा, दुसरा गाल पुढं करा, दान गुपचूप करा, उद्याची काळजी देवावर टाका, हे सगळं त्या प्रवचनात आहे.

आता बघा, यातलं आपल्याला नवीन काय आहे? तुकोबांनी इंद्रायणीकाठी हेच केलं. कर्जखतं पाण्यात सोडली, मंबाजीनं काटेरी फोकानं मारलं तर त्याचेच पाय दाबायला गेले. टिळकांनाही हेच दिसलं. म्हणून ते पुढं सांगत की मी ख्रिस्तापाशी आलो तो तुकोबांच्या पुलावरून आलो. हे वाक्य त्यांच्या नावावर सगळीकडं सांगतात. पूल ओलांडला की माणूस पूल विसरतो, अशी जगाची रीत आहे. टिळक विसरले नाहीत. मरेपर्यंत अभंग लिहिले, येशूला गुरुमाउली म्हणाले, हातात टाळ घेऊन कीर्तनाला उभे राहिले. नगरकडं ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला. मराठी ख्रिस्ती माणसानं विलायती चालीवर जिभेला न वळणारी गाणी म्हणावीत, हे त्यांना सहन व्हायचं नाही. मराठी माणूस देवाला आळवील तो ओवी-अभंगातच, असं त्यांचं म्हणणं. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती लोकांचं गाण्यांचं पुस्तक, त्यात आजही टिळकांची पदं भरपूर आहेत.

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. साहेबाच्या हातून घेणार नाही, आपल्या देशी माणसाच्या हातून घेईन, असा हट्ट धरला. ज्या देशी पाळकानं तो दिला त्यांचं नाव तुकारामजी नथोजी. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो. इकडूनही तुकाराम आणि तिकडूनही तुकाराम.

पण माउली, कीर्तनकारानं एकच बाजू सांगू नये. टिळकांनी हे बायकोला विश्वासात न घेता केलं. लक्ष्मीबाईंच्या पदरात तेव्हा दत्तू नावाचा चार वर्षांचा मुलगा. बातमी कानावर आली आणि त्या माउलीवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून सवाष्णपण कसलं, अशी गत. नातेवाइकांनी त्यांना सांभाळलं, आणि त्या वर्षांतला काही काळ त्या राहिल्या कुठं, तर आपल्या पंढरपुरात. नवरा नगरला येशूचे अभंग रचतोय आणि बायको चंद्रभागेच्या काठी डोळ्याला पदर लावून बसलीय! त्या वाळवंटात आपण नाचतो, फुगड्या घालतो. तिथंच ही बाई एकटी रडली असेल. मला टिळकांचं इथलं वागणं पटत नाही. देवावर सगळा जीव लावायचा, मान्य. पण ज्या जिवाचा हात अग्नीसमोर धरला त्याला अंधारात ठेवून कसली भक्ती? आपल्या तुकोबांनाही जिजाईनं बोल लावले, पण तुकोबा तिच्यासमोर होते. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन जायला तिला डोंगर तरी होता. लक्ष्मीबाईंना तोही नव्हता.

पुढं काय झालं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई आपण होऊन नगरला नवऱ्याकडं आल्या. आल्या त्या ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या. सोवळं पाळायचं, वेगळं शिजवायचं, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पहिल्यांदा केलेली चूक ते शिकले असावेत, असं माझं मत. हळूहळू बाईच विचार करायला लागल्या की ही जात देवानं केली की माणसानं? आणि एक दिवस त्यांनी शिवाशीव स्वतःच्या हातानं सोडली. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी दुष्काळ पडला होता. नगर भागात अनाथ पोरं किड्यामुंगीसारखी रस्त्याला लागलेली. टिळकांच्या घरात अशी पोरं आणून ठेवलेली, आणि काल-परवापर्यंत सोवळ्यात असणारी बाई त्यांचं हगणंमुतणं काढत होती. त्याच घरात पुढं बालकवी ठोंबरे पोटच्या पोरासारखे राहिले. घरात किती माणसं जेवणार याचा नेम नाही आणि डब्यात पीठ किती याचाही नाही. नवरा येईल ते वाटून टाकणार, बायको उरल्यात भागवणार.

लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. अक्षरं नवऱ्यानं शिकवली तेवढीच. आणि त्या बाईनं ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. 1934 पासून ते भागाभागानं छापून आलं. मराठीत त्याच्या तोडीचं आत्मचरित्र दाखवा म्हणून शिकलेली माणसं पैज लावतात. मी ते दोनदा वाचलं. हसलो पुष्कळ आणि दोन-तीन ठिकाणी चष्मा पुसला. चौथी शिकलेल्या माणसाला लिहायला घाबरू नये असं वाटलं ते त्या पुस्तकामुळं. ज्यांच्या घरी पोरी-सुना वाचणाऱ्या आहेत त्यांनी ते आणावं.

असो. टिळकांकडं परत येतो. शाळेच्या पुस्तकात ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पाखराची कविता पिढ्यान्‌पिढ्या होती, ती त्यांची. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात ते त्यांनाच. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी भाग ते बघायचे. पण वय वाढलं तशी तगमग वाढली. मिशनचा पगार घेऊन देवाचं काम करायचं हे मनाला टोचायला लागलं. 1917 साली त्यांनी पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. हैबतबाबांच्या आरफळपासून सातारा किती लांब? हाकेच्या अंतरावर म्हणा. त्या दरबाराचं वेगळेपण असं की तिथं यायला बाप्तिस्मा झालेला असावा अशी अट नव्हती. येशूचा शिष्य होऊ बघणारा कुणीही या, झालेला असो की नसलेला. त्यांच्याच काही माणसांना ते रुचलं नाही. जो सगळ्यांना दार उघडतो त्याच्यावर दोन्ही घरचे रुसतात, हा अनुभव नाथांनाही पैठणात आलाच की.

दरबार फार चालला नाही. प्रकृती खालावली. 9 मे 1919 ला मुंबईत जे. जे. इस्पितळात त्यांनी देह ठेवला. आपल्या देहाला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. अस्थी नगरला नेल्या. येशूच्या चरित्राचं ‘ख्रिस्तायन’ हे मोठं काव्य अर्धं राहिलं होतं. ते पुढं नेलं कुणी, तर ज्या बाईला पंढरपुरात रडायला लावलं होतं तिनं. 1938 साली ते छापून आलं तेव्हा लक्ष्मीबाईही गेलेल्या होत्या. त्या 24 फेब्रुवारी 1936 ला नाशिकला गेल्या.

ख्रिस्ती भक्तीचा गाभा काय, असं मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, येशूला एका शास्त्र्यानं विचारलं, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती? येशूनं दोन सांगितल्या. एक, देवावर जीव लावायचा तो पुरता. मन, बुद्धी, ताकद, काही मागं ठेवायचं नाही. आणि दुसरी, शेजाऱ्याला आपल्यासारखाच धरायचा. मी विचारलं, शेजारी म्हणजे कोण? बाबा म्हणाले, “हाच प्रश्न त्या शास्त्र्यानं विचारला होता.” आणि त्यांनी गोष्ट सांगितली. वाटेत चोरांनी मारून टाकलेला एक माणूस. पुजारी बघून गेला, देवळाचा सेवक बघून गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ज्याला त्या काळी कुणी पंगतीला घेत नव्हतं असा. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घातला, धर्मशाळेत नेऊन खर्चाचे पैसे दिले. ही गोष्ट मी नंतर कीर्तनात सांगितली आहे. कुठून आणली ते सांगितलं नाही, हा माझा दोष.

आपल्या मुलखात ओवीतून येशू सांगायचा प्रकार फार जुना, टिळकांच्याही आधी तीनशे वर्षांचा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात उतरला. त्या वेळी पैठणात नाथबाबा देहानं हयात होते. त्यानं मराठी शिकून दहा हजारांवर ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, ते 1616 ला गोव्यात रायतूरला छापलं गेलं. तुकोबा तेव्हा लहान होते. मराठीची थोरवी त्यानं रत्नांच्या, फुलांच्या उपमा देऊन गायली आहे, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे. पण याच गोव्यात फिरंग्यांनी देवळं पाडली, 1560 पासून इन्क्विझिशनचा जाच बसवला, 1684 ला कोकणी बोलण्यावरच हुकूम काढला. म्हणजे एकाच राज्यात एक माणूस आपल्या भाषेला ओवाळतो आणि दुसरे तिच्यावर वरवंटा फिरवतात. तो जाच ज्यांनी सोसला त्यांच्या घरात ख्रिस्ती हा शब्द कडूच लागणार, आणि त्यांना दोष देता येत नाही. आपले देव तांब्याच्या हंड्यात लपवून नदी ओलांडून आणलेली ती माणसं. हे झाकून मी टिळकांचं गोड सांगितलं तर ते कीर्तन नव्हे, भाटगिरी होईल.

तुकोबांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना यवतहून वरवंडला जाताना चौफुला लागतो. तिथून आत केडगाव. पंडिता रमाबाईंचं ‘मुक्ती’ तिथं आहे. रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, विद्वान ब्राह्मण. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्यांना छळलं. सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थं हिंडायचं. दुष्काळाच्या दिवसांत आई, बाप, बहीण उपासानं गेले. उरलेली पोर हजारो मैल पायी चालली. म्हणजे वारी तिलाही घडली, पण कशी बघा! इंग्लंडमध्ये 1883 ला त्या ख्रिस्ती झाल्या. पुढं 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं, आणि पुण्यात वादळ उठलं. 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांत त्या स्वतः फिरून उपाशी पोरी, बाया गोळा करून केडगावला आणत गेल्या. शेकड्यांनी नाही, हजारांच्या मापानं बायका तिथं राहिल्या. विणकाम, शेती, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवलं आणि ते काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 ला डोळे मिटले. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. मूल जातं आणि बाई हातातली लेखणी सोडत नाही. याला मी भक्ती म्हणतो. तुम्ही दुसरं काही नाव द्या, पण वाईट नाव देऊ नका.

आणखी एक माणूस. महिपतीबुवांचा ‘भक्तिविजय’ आपल्या प्रत्येक घरात कापडात बांधलेला असतो. राहुरीजवळच्या ताहाराबादच्या या कुलकर्ण्यानं आपल्या संतांच्या कथा राखल्या, नाहीतर आम्ही कीर्तनकार काय सांगणार होतो? तो ग्रंथ इंग्रजीत नेला जस्टिन अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन मिशनच्या पाद्र्यानं, पंडित नरहर गोडबोले यांना सोबत घेऊन. आयुष्य मुंबई-नगरकडं काढलं आणि म्हातारपणी अमेरिकेत परत गेल्यावर नाथ, तुकोबा, बहिणाबाई यांची पुस्तकं एकामागून एक काढली. 1932 ला गेला. आला होता आपल्याला शिकवायला, आणि उरलेलं वय आपल्या संतांच्या पायाशी घालवलं. त्यानं काही आपला धर्म सोडला नाही, पण दुसऱ्याचा देव ओळखायला धर्म सोडावा लागतो असं कुठं आहे?

आता अँटॉप हिलला परत चला. हे लिहायचं मी टाळत होतो.

1980 साली आमचा मृदंगी गावी लग्नाला म्हणून गेला तो आजारी पडून सहा-सात महिने आलाच नाही. एकादशीला मृदंग कोण वाजवणार? तात्या शेजारी गेले आणि बाबांना म्हणाले, याल का? बाबा आले. गोदीत पोती उचलून कडक झालेला तो हात, पण शाई-थापेवर पडला की मऊ. सात एकादश्या त्यांनी वाजवलं. हरिपाठाला यायचे, शेवटपर्यंत बसायचे, आरतीच्या वेळी हात जोडून मागं उभे राहायचे, प्रसाद घ्यायचे. सातव्या एकादशीनंतर मंडळात कुजबुज झाली. किरिस्तावाच्या हाताचा मृदंग आपल्या विठ्ठलापुढं नको. तोंडावर किरिस्ताव म्हणत होते, पण मनात दुसरंच होतं. बाबांचे पूर्वज नगरकडं कुठल्या वस्तीत राहायचे ते सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांनी मान खाली घातली. आणि निरोप सांगायला पाठवलं मला, कारण मी सगळ्यात लहान आणि माझं तिथं रोजचं जाणं-येणं.

मी गेलो. “बाबा, पुढच्या एकादशीला नका येऊ, मंडळी म्हणतात,” एवढंच बोललो. ते पाटावर बसून भाकरी खात होते. म्हणाले, “बरं. मग मी बाहेर बसून ऐकीन. बाहेर बसायला तर हरकत नाही ना?” मी काय बोलणार? पुढच्या एकादशीला ते आपल्या उंबऱ्यावर बसले, आणि मांडीवर बोटांनी ठेका धरत राहिले. आत मी टाळ वाजवत होतो. माझी पाठ दाराकडं होती आणि मी ती फिरवली नाही.

पंढरपुरातलं देऊळ सगळ्या जातींना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 ला उपोषण धरलं, ते दहा दिवस चाललं. त्या प्राणांतिक उपोषणाची कथा मी कीर्तनात सांगतो. चोखोबांची कथा तर शेकडो वेळा सांगितली. महाद्वाराबाहेर समाधी का, ते रडवेल्या सुरात सांगायला मला चांगलं जमतं, असं लोक म्हणतात. त्यांना ठाऊक नाही की चोखोबा म्हटलं की मला तो उंबरा दिसतो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस घरी बसला. पहिले दोन महिने उसनवारीवर गेले. मग तात्यांना काविळीनं धरलं. वाणी उधार देईना, मंडळातले बहुतेक गावी निघून गेलेले. त्या दिवसांत मावशी दुपारी एक ताट झाकून आणायची. ज्वारीची भाकरी, कधी कालवण, कधी नुसतं तिखट. दाराशी ठेवायची आणि म्हणायची, “बाबा, तात्यांना ऊन ऊन दे.” चार महिने. त्यांच्या घरात मिळवता कुणी नव्हता, बाबांच्या थोड्या पैशांवर दोघं होती. मी एकदा झाकण काढायच्या आधी त्यांच्या घरात डोकावलो, तर दोघंही पाणी पिऊन बसली होती आणि चूल विझलेली होती. मी मृदंगाच्या निरोपाबद्दल कधी माफी मागितली नाही. त्यांनी कधी विषय काढला नाही.

तात्या बरे झाले. आम्ही गाव धरलं. निघताना बाबांनी मला त्यांच्या जवळचं गाण्यांचं जुनं पुस्तक दिलं, पानं सुटलेली, दोऱ्यानं शिवलेली. “टिळकांचं आहे यात, चाल तुला लागेल,” म्हणाले. त्या पुस्तकापासून माझं वाचन सुरू झालं, आणि वर जे काही लिहिलं ते त्याच्या पाठीमागून एकेक करून मिळवलेलं आहे. पुढं बऱ्याच वर्षांनी मी अँटॉप हिलला गेलो तर ती गल्लीच नव्हती. वॉचमननं विचारलं, कुणाकडं जायचंय? मला मजला सांगता आला नाही.

आता समितीला माझं एक मागणं आहे. या स्मरणिकेत शेवटी दिंडीच्या आजवरच्या विणेकऱ्यांची, चोपदारांची आणि मृदंगींची यादी येणार आहे. मुंबई शाखेच्या मृदंगींत 1980 च्या ओळीत सात एकादश्यांची जागा कोरी आहे. कच्च्या यादीत तिथं नुसती रेघ मारलेली मी बघितली. त्या जागी कुणी वाजवलं हे सांगणारा आता मीच एक उरलो आहे, कारण तात्याही गेले आणि त्या रात्री कुजबुजणारेही गेले. बाबांचं नाव मी समितीकडं चिठ्ठीत लिहून दिलं आहे. या लेखात ते मुद्दाम घातलं नाही, कारण घरच्यांना विचारल्याशिवाय छापणं बरं नव्हे. त्यांची मुलगी श्रीरामपूरकडं असते असं कळलं, तिचा नंबर मिळवला आणि गेल्या महिन्यात फोन केला. मी कोण ते सांगितलं, मृदंगाचं सांगितलं, निरोप घेऊन गेलो होतो तेही सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आई सांगायची, बाबांचा हात एकादशीला थरथरायचा.” आणि म्हणाली, भावांना विचारून कळवते.

छापखान्यात कागद जायला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर ती ओळ तशीच मोकळी ठेवा, रेघ तेवढी खोडून टाका.